दुसऱ्याच्या वाड्यांतील दप्तर

कारखाना म्हटला कीं डोळ्यांपुढें यंत्रें येतात, भट्ट्या येतात, पाळी सुटतांना फाटकाबाहेर पडणारीं माणसें येतात. दप्तर मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. तरीही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यांत आज एखाद्या कारखान्याचें काम यंत्र बिघडल्यानें जसें अडतें, तसेंच तें दप्तर हातीं न लागल्यानेंही अडतें. आणि हें दप्तर अलीकडे पुष्कळ ठिकाणीं कारखान्याच्या आवारांत राहिलेलें नाहीं. तें भाड्यानें घेतलेल्या आणि दुसऱ्यानें सांभाळलेल्या जागेंत गेलें आहे. व्यवहारांत या सोयीस ‘मॅनेज्ड क्लाउड डेटाबेस’ असें म्हणतात. ही सोय म्हणजे नेमकें काय, ती वापरणारांस कोणते अनुभव येतात, आणि त्या अनुभवांवरून कारखानदारानें कोणता बोध घ्यावा, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

दप्तरास इतकें महत्त्व कां आलें, हें या पट्ट्याच्या वाढीवरून कळून येईल. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीस स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहूं लागल्या. पुढें मोटारधंद्यानें चाकण गांठलें. बजाज, महिंद्र, फोक्सवागन यांचे कारखाने तेथें उभे राहिले. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणारे शेंकडों लहान कारखाने आहेत. मोठा कारखाना कोठारांत फार माल सांठवीत नाहीं. ज्या दिवशीं जो भाग लागेल तो त्या दिवशीं दारांत यावा, अशी त्याची अपेक्षा असते. मालाबरोबर बीजक, तपासणीचा दाखला, घाणीचा क्रमांक हें सारें यावें लागतें. शिवाय ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे, अशा व्यापाऱ्यांस १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्यास द्यावयाच्या बीजकाची सरकारी व्यवस्थेंत विद्युत्-नोंद करणें सक्तीचें झालें आहे. म्हणजे माल पेट्यांत भरून तयार असला, टेंपोचा चालक बसून असला, तरी दप्तरांतून बीजक निघेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाऊं शकत नाहीं.

आतां ‘डेटाबेस’ या शब्दाचा उलगडा करूं. आपल्याकडील जुन्या पेढीवर मुख्यत्वें दोन वह्या असत. दिवसभरांत जो जो व्यवहार घडेल तो क्रमानें जींत उतरवावयाचा ती रोजकीर्द. आणि कीर्दीवरून ज्याचें त्याचें खातें जींत मांडावयाचें ती खतावणी. संगणकावरील डेटाबेसही याच रीतीनें चालतो. कोणतीही नोंद आधीं त्याच्या कीर्दींत, म्हणजे ‘लॉग’मध्यें, क्रमवार लिहिली जाते आणि मग आपापल्या कोष्टकांत जाऊन बसते. कोष्टकांच्या रूपानें माहिती मांडण्याची ही पद्धति आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. या रचनेचा मोठा गुण असा कीं, खतावणीची कालची नक्कल आणि त्यापुढची कीर्द हातीं असेल, तर आजची खतावणी नव्यानें उभी करितां येते; इतकेंच नव्हे, तर आज सकाळीं अकरा वाजतां ती जशी होती, तशीही उभी करितां येते. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

‘क्लाउड’ म्हणजे मेघ. या नांवामुळें पुष्कळांची समजूत होते कीं आपलें दप्तर कोठें तरी अंतराळांत तरंगत आहे. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. तें जमिनीवर, भक्कम इमारतींत, वीज आणि गार हवा यांच्या आधारानें चालणाऱ्या यंत्रांत असतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं पुणें, मुंबई आणि चेन्नई या तीन ठिकाणीं अशीं केंद्रें सुरू केलीं. ॲमेझॉन कंपनीनें २०१६ सालीं मुंबईचें केंद्र उघडलें. पुढें २०२२ सालीं मायक्रोसॉफ्टनें खुद्द पिंपरी-चिंचवडमध्यें सुमारें २५ एकर जमीन घेतली. तात्पर्य, हा मेघ दूरदेशींचाच असतो असें नाहीं. आपलें दप्तर आपल्याच जिल्ह्यांत, पण दुसऱ्याच्या वाड्यांत ठेविलेलें असूं शकतें.

या व्यवस्थेनें दिलेलें सुख खोटें नव्हे. पूर्वीं लहान कारखान्याचा संगणक कचेरीच्या एका कोपऱ्यांत, लोखंडाच्या भुकटीच्या सान्निध्यांत चाले. वीज गेली कीं तो बंद पडे. त्याची नक्कल घेण्याचें काम एखाद्या कारकुनाच्या आठवणीवर अवलंबून असे. आणि त्यांतलें मर्म जाणणारा एकुलता एक मनुष्य नोकरी सोडून गेला कीं सारेंच अंधारांत. ॲमेझॉननें २००९ सालीं आणि मायक्रोसॉफ्टनें २०१० सालीं सांभाळलेल्या डेटाबेसची सोय सुरू केली, तेव्हां हें ओझें उचललें गेलें. यंत्र बदलणें, दोष दुरुस्त करणें, रोज नक्कल घेणें आणि कीर्द जपून ठेवणें हें सारें यजमान करितो. या नकला जास्तींत जास्त ३५ दिवसांपर्यंत ठेवितां येतात. अधिक पैसे मोजले तर निराळ्या इमारतींत दप्तराचें जुळें भावंड सतत तयार ठेविलें जातें. पहिलें कोसळलें तर दुसरें बहुधा एक-दोन मिनिटांत काम हातीं घेतें. भोसरीच्या वीस माणसांच्या कारखान्यास हें स्वतःच्या बळावर कधींच जमलें नसतें.

असें असतांही वापरणारांच्या तक्रारी ऐकूं येतात, आणि त्या बारकाईनें पाहिल्या तर बहुतेकांचें मूळ एकच दिसतें. यजमान यंत्र सांभाळतो. पण त्या यंत्रावर आपला धंदा कसा चालतो, हें त्यास ठाऊक नसतें.

पहिला अनुभव दुरुस्तीच्या वेळेचा. प्रत्येक सांभाळलेल्या डेटाबेसची अधूनमधून डागडुजी करावी लागते आणि त्या वेळीं तो क्षणभर कां होईना, खंडित होतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेंत आपण कांहीं सांगितलें नाहीं, तर ही डागडुजी स्थानिक वेळेनुसार सायंकाळीं पांच ते सकाळीं आठ या अवधींत केव्हांही होऊं शकते. कचेरीच्या दृष्टीनें ही योजना शहाणपणाची आहे. परंतु जेथें तीन पाळ्या चालतात आणि रात्रपाळींतही मालाच्या गाड्या भरल्या जातात, तेथें रात्र ही विश्रांतीची वेळ नव्हे. उलट, भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यांत पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते. ॲमेझॉनच्या सेवेंत डागडुजीचा वार आणि वेळ आपणांस नेमून देतां येते. म्हणजे गुरुवार सांगणें आपल्या हातीं आहे. पण तो सांगितला पाहिजे. न सांगतां यजमानास आपला गुरुवार कळावा, ही अपेक्षा व्यर्थ होय.

दुसरा अनुभव जुळ्या भावंडाविषयींच्या गैरसमजाचा. समजा, अकरा वाजून दहा मिनिटांनीं एखाद्या कारकुनानें एका गिऱ्हाइकाचा दर बदलतांना चुकून सर्व गिऱ्हाइकांचे दर बदलले. जुळें भावंड ही चूक त्याच क्षणीं तंतोतंत आपल्या वहींत उतरवून घेतें, कारण तें त्याचें कामच आहे. तें यंत्राच्या मृत्यूपासून रक्षण करितें, मनुष्याच्या चुकीपासून नाहीं. येथें उपयोगीं पडते ती मघांशीं सांगितलेली कालची नक्कल आणि कीर्द. अकरा वाजून नऊ मिनिटांचें दप्तर त्यांतून पुन्हां उभें करितां येतें. मात्र तें जुन्याच्या जागीं उभें राहत नाहीं. त्याच्या शेजारीं एक नवा डेटाबेस उभा राहतो, त्याचें नांव निराळें असतें, आणि कारखान्याच्या प्रत्येक संगणकास तो नवा पत्ता शिकवावा लागतो. दप्तर मोठें असेल तर या कामीं तास मोडतात. मध्यंतरीं ज्या खऱ्या नोंदी झाल्या त्यांचें काय करावयाचें, हाही प्रश्न उरतोच. हें सारें ज्यानें आधीं एकदांही करून पाहिलें नाहीं, त्यास तें संकटाच्या वेळीं करावें लागतें.

तिसरा अनुभव परावलंबनाचा. याचें उत्तम उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच एका विभागाचें आहे. २०२३ च्या मे महिन्यांत ब्राझीलमधील त्यांच्या ‘अझ्यूर डेव्हऑप्स’ या सेवेंत जुन्या तात्पुरत्या नकला पुसणाऱ्या कार्यक्रमांत एक दोष राहून गेला. त्यानें एक डेटाबेस पुसण्याऐवजीं सारे डेटाबेस धारण करणारा सर्व्हरच पुसला. चालू कामाचे सतरा डेटाबेस एकदम नाहींसे झाले. माहिती अखेर सर्व परत मिळाली, पण दहा तासांहून अधिक वेळ गेला. त्यांतील एक कारण असें कीं, पुसलेला सर्व्हर पुन्हां जिवंत करण्याची किल्ली तेव्हां गिऱ्हाइकाच्या हातीं नव्हती. डेटाबेस सांभाळणाऱ्या पथकासच तें करावें लागलें. घरच्या माणसांस जी वाट पाहावी लागली, ती परक्यास चुकेल कशी?

दुसरें उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चें, ऐन दिवाळींतलें. त्या दिवशीं भारतीय वेळेनुसार दुपारीं बाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील केंद्रांत ‘डायनॅमोडीबी’ हा सांभाळलेला डेटाबेस हातीं लागेनासा झाला. पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या दोन आपोआप चालणाऱ्या कार्यक्रमांत गोंधळ होऊन त्याच्या पत्त्याची नोंद रिकामी झाली होती. दप्तर शाबूत होतें, वाडा उभा होता. पण वाड्याचा पत्ताच पुसला गेला होता. पत्ता सुमारें अडीच तासांनीं परत आला, परंतु त्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवा सुरळीत होण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला.

चौथा अनुभव खर्चाचा. कोठार वाढविणें सोपें, परंतु ॲमेझॉनच्या सेवेंत एकदां वाढविलेली जागा त्याच डेटाबेसवर सरळ कमी करितां येत नाहीं. तसेंच, माय-एसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीचा नेहमींचा सांभाळ त्या सेवेंत २९ फेब्रुवारी २०२४ रोजीं संपला. ज्यांनीं नवी आवृत्ति घेतली नाहीं, त्यांच्या बिलांत पुढील सांभाळाचा जादा आकार येऊं लागला. आपलें कांहीं बदललें नाहीं, तरी भाडें बदललें. हें बिल पाहिल्यावर कळणें बरें नव्हे.

मग दप्तर पुन्हां घरीं आणावें काय? मला तसें वाटत नाहीं. वीज, धूळ आणि विसराळूपणा यांच्या हवालीं तें पुन्हां करण्यांत शहाणपण नाहीं. परंतु ताबा दुसऱ्यास दिला म्हणजे जबाबदारीही दिली, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. दप्तराचा ताबा देतां येतो. गिऱ्हाइकास वेळेवर माल पोहोंचविण्याची जबाबदारी देतां येत नाहीं. कायद्यासही हें मान्य नाहीं. ऑगस्ट २०२२ च्या सुधारणेप्रमाणें विद्युत्-रूपांत हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनीं आपल्या हिशेबवह्यांची नक्कल भारतांतच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेविली पाहिजे. आणि हें कर्तव्य कंपनीचें आहे, जागा देणाऱ्याचें नव्हे.

यास्तव प्रत्येक कारखानदारानें चार गोष्टी कराव्या. डागडुजीचा वार आपल्या पाळ्यांकडे पाहून स्वतः नेमून द्यावा. दप्तराची एक नक्कल त्या यजमानाच्या वाड्याबाहेर, निराळ्या ठिकाणीं ठेवावी. २०२४ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील युनिसुपर या निवृत्तिवेतन संस्थेची गुगलच्या केंद्रांतील व्यवस्था चुकून पुसली गेली, तेव्हां दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेविलेल्या नकला तिच्या फार कामीं आल्या. तिसरी गोष्ट, दर तीन महिन्यांनीं एखाद्या गुरुवारीं त्या नकलेवरून दप्तर खरोखर उभें करून पाहावें आणि त्यास किती तास लागले हें लिहून ठेवावें. कारण जी नक्कल कधीं उघडून पाहिली नाहीं, ती नक्कल आहे असें धरून चालतां येत नाहीं. आणि चौथी गोष्ट, दप्तर कांहीं तास मुळींच हातीं लागलें नाहीं तर कोणाकोणास कळवावयाचें, आणि ठरलेला माल व त्याच्या नोंदी तोंवर कोठें उतरवावयाच्या, हें एका कागदावर लिहून तो कागद माल पाठविणाऱ्या माणसाच्या मेजाशीं लावून ठेवावा. रात्रपाळीच्या माणसासही तो वाचतां यावा, इतक्या सोप्या मराठींत तो असावा.