कुर्ल्याची पद्मिनी, उल्सानची पोनी

30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईची शेवटची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाली आणि सारे शहर हळहळले. त्याहून जास्त हळहळ वाटावी असा इतिहास या गाडीमागे आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीच्या फियाटकडून परवाना घेऊन 1964 पासून कुर्ल्यात ‘फियाट 1100 डी’ बनू लागली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. नाव बदलले, पण गाडीचा सांगाडा मात्र शतक संपेपर्यंत जवळपास तोच राहिला. तो बदलण्याची निकडच कुणाला नव्हती. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी, परदेशी गाड्यांना दार बंद होते आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबे. विकण्याची चिंता नसलेल्या कारखान्यात संशोधनाला कोण पैसे देणार?

दक्षिण कोरियात ह्युंदाई मोटर जन्मली 1967 मध्ये, म्हणजे प्रीमियरनंतर तेवीस वर्षांनी. सुरुवात उसन्या ज्ञानानेच झाली. उल्सानच्या कारखान्यात फोर्डच्या ‘कॉर्टिना’चे सुटे भाग जोडले जात. पण नुसत्या जोडणीवर कंपनीचे समाधान नव्हते. तिने आराखडा इटलीच्या जुजारोंकडून करून घेतला, इंजिनाचे तंत्र जपानच्या मित्सुबिशीकडून आणले, इंग्लंडहून जॉर्ज टर्नबुल या अनुभवी अभियंत्याला बोलावले आणि स्वतःची ‘पोनी’ घडवली. 1976 मध्ये ती इक्वेडोरला निर्यातही झाली. सरकारने तिथेही देशी बाजार राखून ठेवला होता, पण निर्यात करून दाखवा, असा त्याचा तगादा होता. परदेशी गिऱ्हाइकाला खोट चालत नाही, म्हणून शिकणे भाग पडले. 1991 मध्ये ह्युंदाईने ‘अल्फा’ हे स्वतः विकसित केलेले पहिले इंजिन आणले.

आयात तंत्रज्ञान दोन्हीकडे होते. एका देशाने ते वापरले, दुसऱ्याने ते पचवले. यंत्र विकत मिळते. ते का आणि कसे चालते हे कळणारी माणसे मात्र घडवावी लागतात. त्यांच्यावर केलेला खर्च पुढे पगार, निर्यात आणि राष्ट्रीय उत्पन्नात उतरतो. आज दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो. भारत एक टक्काही नाही.

मुंबईतून शेवटची पद्मिनी गेली त्याच वर्षी ह्युंदाईने पुण्याजवळच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार केला.