कारवीचा बहर

सह्याद्रीच्या रानांत हिंडलेल्या मनुष्यास कारवी ठाऊक नाहीं असें सहसा घडत नाहीं. परंतु तिचें फूल पाहिलेला मनुष्य विरळा. वृक्षांच्या छायेंत डोंगरउतारावर दाट माजणारें हें झुडूप सात वर्षें, कोठें आठ वर्षें, नुसत्या खरखरीत पानांनिशीं उभें असतें. मग एखाद्या श्रावण-भाद्रपदांत डोंगराची अवघी कूस जांभळ्या-निळ्या फुलांनीं झांकून जाते. एका रानांतील झुडपें एकाच वर्षीं फुलतात, शेजारच्या रांगेचें वर्ष निराळें असूं शकतें. मुंबईलगतच्या राष्ट्रीय उद्यानांत हा बहर २००८ सालीं व पुढें २०१६ सालीं आला. मुन्नारकडील तिची बहीण नीलकुरिंजी याहून सावकाश. तिला बारा वर्षें लागतात.

कारवी अडुळशाच्या कुळांतली. ब्रेमेकॅम्प नांवाच्या डच पंडितानें १९४४ सालीं तिचा स्वतंत्र गण कल्पून त्यास ‘कार्विया’ म्हटलें. मावळांतल्या कुणब्याच्या तोंडचा शब्द लॅटिनांत जाऊन बसला! पुढें शास्त्रज्ञांनीं तो गण पुन्हां मोठ्या गणांत मिळविला, तें असो. कुणब्यास त्याचें सुखदुःख नाहीं. तो कारवीच्या काटक्यांवर शेणमाती लिंपून घराचा कूड उभा करतो, आणि बहराच्या सालीं मधमाश्या तिचा दाट मध सांठवितात.

बहर सरला कीं झुडूप मरतें. पुढील सारी पिढी त्या एका हंगामाच्या बियांवर अवलंबून असते, आणि येथेंच आम्हांस एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. घाटावरच्या एका शाळेंत असतां समारंभाच्या शोभेसाठीं आम्हीं मुलांकडून मागच्या बांधावरील सारी फुललेली कारवी कापून आणविली. दिवाणखाना सुंदर दिसला. पाहुण्यांनीं वाखाणणी केली. दुसऱ्या वर्षीं सभोंवार रोपें उगवलीं, बांध मात्र उघडा राहिला. वनस्पतिशास्त्राचा धडा आम्हीच शिकवीत होतों!

तेव्हांपासून बहराच्या सालीं रानांत जातांना आम्ही बरोबरच्या नातवंडांस हात मागें बांधून चालावयास सांगतों. मुलें हंसतात. खरी मौज त्यांस पुढच्या वर्षीं दाखवितों. वाळलेलीं बोंडें बिया पोटांत धरून तशींच उभीं असतात. मृगाची पहिली सर पडतांच तीं ओलीं होऊन तडतड फुटूं लागतात, आणि बिया दूर उडतात. पाऊस थांबला तरी रानांत तो आवाज बराच वेळ चालूं असतो.