लडाखच्या माळवदाचा हिशेब

लेहच्या आसपासच्या गावांत छप्पर बदलायचं काम मे महिन्यात निघतं, आणि पहिले दिवस जातात ते मोडण्यात. मिस्त्री छपरावर कुदळ चालवू देत नाही, कारण एक घाव खोल गेला की खालच्या काठ्या फुटतात. फावड्यानं थर खरवडायचा, घमेली भरायची आणि कठड्यावरून माती अंगणात सोडायची. खाली कोणीतरी डोक्याला फडकं गुंडाळून ती चाळणीवर घेत असतं. खडे एका बाजूला, कुजका पेंढा दुसऱ्या बाजूला, चाळलेली माती तिसऱ्या ढिगात. ही माती टाकून द्यायची नसते. काही दिवसांनी तीच पुन्हा वर जाणार असते.

चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी एक खोली धरली, तर छप्पर वीस चौरस मीटरचं होतं. त्यावर पंधरा सेंटिमीटर माती म्हणजे तीन घनमीटर, वजनानं पाच टनांच्या आसपास. ती हातानं खाली आणायची आणि हातानंच वर चढवायची. जुन्या घरांत थर याहून जाड निघतो. गळती लागली की वर आणखी एक हात माती चढवायची, ही सोपी वाट पिढ्यान्‌पिढ्या चोखाळलेली असते. दर वेळी खर्च थोडा येतो, पण तुळयांवरचा भार वाढत जातो. कधीतरी एखादी तुळई मधोमध वाकते आणि इतक्या वर्षांचं बिल एकदम समोर येतं.

माती उतरली की रचना उघडी पडते. सर्वांत खाली पॉप्लरच्या तुळया, त्यांना ‘दुंगमा’ म्हणतात. त्यांच्यावर आडव्या, साल काढलेल्या विलोच्या काठ्या, अगदी खेटून मांडलेल्या. हे ‘तालू’. त्यावर रानगवत किंवा पेंढा, मग ओल्या मातीचा गिलावा, मग कोरडी माती तुडवून बसवलेली, आणि सगळ्यांत वर ‘मरकलक’ नावाच्या चिकणमातीचा लेप. मरकलक पाणी अडवते, पण निव्वळ तीच लावली तर वाळताना तडकते. म्हणून तिच्यात साधी माती मिसळतात. प्रमाण मिस्त्रीच्या बोटांना ठाऊक असतं. ओला गोळा वळून, दाबून, वाळल्यावर त्याला किती भेगा पडतात ते पाहून तो ठरवतो.

खरी तपासणी तुळयांच्या टोकांची. मधला भाग खोलीतल्या उबेत कोरडा राहतो, पण भिंतीत रुतलेलं टोक वर्षानुवर्षं ओल पीत असतं. मिस्त्री तिथं सुरी टोचून पाहतो. पातं सहज आत गेलं तर तुळई बाद. बाकीच्या झाडून, पुसून पुन्हा वापरतात. तालूच्या काठ्याही निवडून घेतात, काजळीनं काळ्या पडलेल्या असल्या तरी. विकत घ्यायचं लाकूड त्यामुळे बरंच कमी होतं, मात्र निवडानिवडीला मजुरी लागते.

सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या वाचकाला हे वर्णन परकं वाटू नये. तुळया, त्यावर किलचन, त्यावर पांढरीची माती, असं धाब्याचं घर दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात शतकानुशतकं बांधलं गेलं, आणि पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायचं कामही तिथं घरोघरी चाले. जादा मातीचं ओझं काय करू शकतं, हेही याच पट्ट्यानं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि त्यावरची जड मातीची छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लडाखही भूकंपप्रवण हिमालयात आहे. तिथं जुना थर पूर्ण उतरवून पुन्हा पातळ घालणं म्हणूनच महत्त्वाचं. कामाचे दिवस मात्र दुपटीनं वाढतात.

असं सपाट छप्पर डोंगरात टिकतं कसं, तर तिथला पाऊसच तुटपुंजा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथं वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पडतं. हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो, पण हवा कोरडी. बर्फ पडलं की वितळायच्या आत ते लाकडी फावड्यानं खाली लोटायचं, एवढी शिस्त पाळली की मातीच्या छपरावर भागतं. उन्हाळ्यात त्याच छपरावर जर्दाळू वाळतात, जनावरांचा चारा रचला जातो, गोवऱ्या ठेवल्या जातात.

या हिशेबाला तडा गेला तो २०१०मध्ये. ५ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमाराला लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत आणि चिखलाच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसं गेली. कच्च्या विटांच्या भिंती विरघळल्या, छपरं बसली. त्यानंतर घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी आली: स्लॅब.

त्याच वीस चौरस मीटर खोलीवर बारा सेंटिमीटरचा स्लॅब टाकायचा तर सुमारे अडीच घनमीटर काँक्रीट लागतं. त्यात वीसेक पोती सिमेंट, म्हणजे एक टन, आणि दोनशे-अडीचशे किलो सळई. वाळू-खडी खोऱ्यातच मिळते, पण सिमेंट आणि लोखंड श्रीनगरहून झोजी ला ही खिंड ओलांडून किंवा मनालीहून येतं. दोन्ही रस्ते चारशे किलोमीटरांहून लांब, आणि मनालीचा रस्ता हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद. रोहतांग खिंडीखालून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झाल्यानं वाटेतलं लाहौल बारमाही जोडलं गेलं, पण पुढच्या बारालाचा ला आणि तांगलांग ला या खिंडी हिवाळ्यात अजून बर्फाच्याच ताब्यात असतात. साठा संपत आला की सिमेंटचा भाव चढतो. म्हणून शहाणा माणूस छपराचं सिमेंट रस्ता उघडा असताना घेतो आणि ओल लागू नये अशा खोलीत रचून ठेवतो.

या स्लॅबचं वजन भरतं सहा टन. मातीच्या छपरापेक्षा तो हलका नाहीच. कच्च्या विटांच्या भिंतीवर तो नीट बसत नाही, खांब आणि पट्टे उभारावे लागतात. छप्पर बदलायला निघालेला माणूस अर्धं घर बांधूनच थांबतो.

त्यात दिवस मोजके. पारा पाच अंशांखाली गेला की सिमेंटची पकड मंदावते. पुरेसं बळ येण्याआधीच काँक्रीटमधलं पाणी गोठलं, तर त्याची ताकद कायमची जाते. सप्टेंबर सरता सरता रात्री धोक्याच्या होतात, म्हणून स्लॅब त्याआधी पडायला हवा आणि निदान आठवडाभर ओला राहायला हवा. लेहमध्ये पाण्याचीच ओढाताण, त्यामुळे क्युरिंगसाठी टँकर आला की तोही बिलात चढतो. एवढं करूनही गच्चीवर साचलेलं पाणी बारीक भेगांत शिरतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग थोडी रुंद करून जातं. वसंतात आणि शरदात हे रोज घडतं, दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं. वर डांबरी पत्रा चिकटवला तर उंचीवरचं कडक ऊन आणि थंडी मिळून त्याला ठिसूळ करतात.

खर्चाची आणखी एक बाब बांधकामाच्या कागदावर येतच नाही. गवत, काठ्या आणि मातीचा थर उष्णता जितकी धरून ठेवतो, त्याचा काही अंशच उघडा स्लॅब धरतो. स्लॅबच्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली उबवायची शेगडी, जास्त वेळ पेटती ठेवावी लागते, आणि स्वयंपाकाची वाफ थंड छतावर जमून थेंबथेंब टपकते. गळती म्हणून मिस्त्रीला बोलवावं तर वर भेग सापडत नाही.

मधले मार्ग आहेत. तालूवर गवत, त्यावर जाड प्लॅस्टिक आणि मग माती, ही पद्धत अनेक घरांनी उचलली आहे. प्लॅस्टिक फाटू नये म्हणून त्याला टेकणारी माती चाळून घ्यावी लागते, आणि पन्हळ भिंतीपासून हातभर पुढे काढावी लागते, म्हणजे पाणी भिंतीवर ओघळत नाही. काही जण सपाट छपरावर उतरता पत्रा चढवतात. पाण्याची चिंता मिटते, पण जर्दाळू वाळवायची आणि चारा ठेवायची जागा जाते.

माणसांचा प्रश्न याहून अवघड. पूर्वी शेजारी एकमेकांच्या छपरावर राबत आणि यजमान त्यांना जेवण व छांग ही घरगुती दारू देत. आता घरची तरुण माणसं सैन्यात, सरकारी नोकरीत किंवा पर्यटनात असतात. माती वाहायला बिहार-झारखंडचे आणि नेपाळचे मजूर येतात, तेही उन्हाळ्यापुरते. मातीचं छप्पर स्वस्त होतं ते मुख्यतः या बिनमजुरीच्या हातांमुळे. रोजंदारी मोजायला लागली की त्याचा आणि स्लॅबचा फरक झपाट्यानं कमी होतो.

पर्यटकांची सोय हे आणखी एक कारण. पाहुण्यांना खोलीलगत न्हाणीघर हवं असतं, आणि वरच्या मजल्यावरचं रोजचं सांडपाणी लाकूड-मातीच्या तक्तपोशीला सोसत नाही. त्यामुळे लेहच्या अनेक घरांत भाड्यानं द्यायच्या खोल्यांवर स्लॅब पडतो आणि त्याचं कर्ज पाहुण्यांच्या भाड्यातून फिटतं. ऑक्टोबरनंतर नळ गोठतात, तेव्हा या खोल्यांना कुलूप लागतं. कुटुंब जुन्या स्वयंपाकघरात एकत्र राहायला येतं, तिथं बुखारी एकच पुरते. पुढच्या उन्हाळ्यात पहिली मजुरी त्या स्वयंपाकघरावरच्या मातीसाठी काढून ठेवलेली असते.