‘व्हेरा मेन्चिक क्लब’चे पहिले सभासद

मैत्रिणींनो, बुद्धिबळ म्हटलं, की पुरुषांनी पट मांडायचा आणि आपण चहाचे कप नेऊन ठेवायचे, असंच पुष्कळ घरांत चालतं. म्हणूनच व्हेरा मेन्चिकची गोष्ट तुम्हांला ठाऊक असायला हवी.

व्हेराचा जन्म १९०६ सालचा, मॉस्कोचा. १९२१ मध्ये ती इंग्लंडला आली आणि १९२७ मध्ये स्त्रियांमधली पहिली जगज्जेती झाली. १९२९ साली तिला कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. बावीस खेळाडूंत ही एकटीच बाई! आल्बर्ट बेकर नावाचे नामांकित खेळाडू थट्टेनं म्हणाले, जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करून घेऊ.

आणि गंमत पाहा, पहिले सभासद झाले ते खुद्द बेकरच!

व्हेराकडे पांढरी मोहरी होती. सुरुवात अगदी साधी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. मग त्याच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादंही दोन घरं पुढे. याला ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणतात. हे दुसरं प्यादं म्हणजे आमिष असतं. काळ्यानं ते मारलं, तर त्याचं मधलं प्यादं जागेवरून हलतं आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा होतो. बेकरनी ते मारलं नाही; प्याद्यांची भक्कम भिंत बांधली. पण वजीर मात्र घाईनं बाहेर काढला, आणि थोड्याच खेळ्यांत तो मुकाट्यानं घरी परत न्यावा लागला. व्हेरानं घाई केली नाही. एकेक मोहरं कामाला लावलं आणि डाव जिंकला.

त्या स्पर्धेत ती शेवटची आली, हेही सांगितलंच पाहिजे. एकवीस डावांत तीनच गुण! पण म्हणून ती खेळायची थांबली नाही. पुढे पंजाबचे सुलतान खान तिच्याकडून हरले. १९३५ मध्ये जगज्जेते झालेले मॅक्स यूवेसुद्धा हरले. १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बमध्ये आई आणि बहिणीसह तिचा अंत झाला. तोवर जगज्जेतेपद तिचंच होतं.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुलांसमोर तुम्हीही बसा बरं. वजिरापुढचं प्यादं सरकवा. वजीर मात्र लवकर बाहेर काढू नका. पहिले चार डाव हराल; हरू द्या. पाचवा मांडा!