शर्यतीची पूर्वतयारी : देह आणि चित्त

धावण्याचा सराव आणि शर्यतीची पूर्वतयारी या दोन भिन्न गोष्टी होत. सरावाने क्षमता निर्माण होते. पूर्वतयारीने ती नेमक्या घटकेस प्रकट होण्यास मोकळी होते. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे अखेरच्या आठवड्यात अधिक कष्ट करून उणीव भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो व तो घातक ठरतो.

पूर्वतयारीचे पहिले अंग विश्रांती हे होय. दीर्घ सरावात क्षमतेबरोबर शीणही साचतो. सराव कमी केला असता शीण लवकर उतरतो, क्षमता मात्र सावकाश घटते. यास्तव शर्यतीपूर्वी सुमारे २ आठवडे धावण्याचे अंतर निम्म्याच्या आसपास आणावे, परंतु वेग कायम ठेवावा, असा अलीकडील संशोधनाचा निष्कर्ष आहे. दीड तासाहून दीर्घ शर्यतीत स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठाही निर्णायक ठरतो. विश्रांती व पिष्टमय आहार यांच्या योगे तो वाढविता येतो.

दुसरे अंग शरीर तापविणे. डेन्मार्कमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आस्मुसेन व बोये यांनी १९४५ साली स्नायूंचे तापमान आणि कार्यक्षमता यांचा निकट संबंध दाखवून दिला. उष्ण स्नायू त्वरेने आकुंचन पावतो, मज्जातंतूंतील संदेशवहन शीघ्र होते आणि हीमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहजतेने मुक्त करते. म्हणून प्रथम संथ धावणे व नंतर थोड्या वेगवान धावा, हा क्रम योग्य होय. मात्र स्नायू दीर्घकाळ ताणून धरल्यास त्यांची शक्ती काही वेळ घटते.

तिसरे अंग मानसिक. रॉजर बॅनिस्टर यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटर शर्यतीत उपांत्य फेरी वाढविण्यात आली. ३ दिवसांत ३ वेळा धावण्याइतका त्यांचा सराव नव्हता, आणि ते चौथे आले. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे ते मैलाच्या शर्यतीस उतरले, ते काही दिवसांच्या पूर्ण विश्रांतीनंतर. ब्रॅशर व चॅटवे यांनी कोणत्या टप्प्यात पुढे राहून वेग राखावयाचा, हे आधीच ठरले होते. अनिश्चित राहिला तो वारा. विक्रमाचा प्रयत्न करावा की नाही, हा निर्णय बॅनिस्टर यांनी शर्यतीच्या तोंडावर, वारा मंदावल्याचे पाहून घेतला. ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत त्यांनी मैल पुरा केला.

क्षोभाचा संपूर्ण अभाव म्हणजे मानसिक सिद्धता नव्हे, हेच यावरून दिसते. स्वाधीन असलेल्या गोष्टी आधी निश्चित कराव्यात, म्हणजे अस्वाधीन गोष्टींविषयी निर्णय घेण्यास चित्त मोकळे राहते. तथापि हेलसिंकीचा धडाही विसरता येत नाही : सरावाने जे कमावलेले नाही, ते कोणतीही पूर्वतयारी देऊ शकत नाही.