तू सोमवारी का येत नाहीस?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९९६ साली सहावीत असलेल्या जवळपास १३ हजार मुलांचा माग संशोधकांनी पुढे २००४ पर्यंत काढला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांचे सहकारी यांना एवढंच पाहायचं होतं, की हायस्कूल पुरं न करता शाळा सोडणारं मूल किती आधी ओळखू येतं. ते सहावीतच ओळखू येतं, असं निघालं. वर्षाची हजेरी ८० टक्क्यांच्या आत, गणितात नापास, इंग्रजीत नापास, वर्तनापायी शाळेकडून झालेली कारवाई, या मोजक्या खुणांवरून पुढे गळणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलं सहावीतच हेरता आली असती. यातली पहिली खूण जरा उलगडून पाहावी. तिथे शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं, म्हणजे ८० टक्के हजेरीला ३६ खाडे होतात. आठवड्याला एक. आठवड्यातून एक दिवस न येणारं अकरा वर्षांचं मूल शाळा सोडण्याच्या वाटेवर आहे असं कुणालाच वाटत नाही. ना घरच्यांना, ना शिक्षकांना, ना त्याला स्वतःला. मुलांविषयीची माहिती समुपदेशनासाठी वापरावी की नाही, या वादात मला हा ३६ चा आकडा पुन्हा पुन्हा आठवतो. माहिती जरूर वापरावी, पण आज कुणाला भेटायचं एवढं ठरवण्यापुरती. ते मूल पुढे काय होणार, हे सांगण्याचं काम तिच्याकडे सोपवलं की बिघाड सुरू होतो.

आठवड्याचा तो एक खाडा कुणाच्या नजरेत का येत नाही, याचं उत्तर सहावी ते आठवीच्या शाळेच्या रचनेतच आहे. प्राथमिक शाळेत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात, कोण आलं नाही हे त्यांना मान वर केली की कळतं. सहावीपासून तासागणिक शिक्षक बदलतात. गणिताचे सर त्याला पाऊण तास बघतात, विज्ञानाच्या बाई पाऊण तास, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्या मुलाचा एक तुकडा येतो. सगळे तुकडे जुळवून बघणं हे समुपदेशकाचं काम. पण अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनने २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगितलेलं असताना २०२२-२३ मध्ये तिथलं राष्ट्रीय प्रमाण ३८५ च्या घरात होतं. त्यातही परीक्षांची व्यवस्था आणि वेळापत्रकातले फेरफार त्यांच्याच गळ्यात. अशा समुपदेशकाच्या दारात दोनच प्रकारची मुलं पोचतात, भांडून आलेली किंवा रडत आलेली. जे मूल गप्प राहतं आणि आठवड्यातून एकदा घरी राहतं, ते त्या दारापर्यंत येतच नाही. या संघटनेने २००३ मध्ये आपल्या कामाचा राष्ट्रीय आराखडा मांडला आणि हजेरी, वर्तन व गुण यांच्या नोंदी पाहून कामाचा क्रम ठरवण्यावर भर दिला, तो याचसाठी.

प्रत्यक्षात हे काम अगदी साधं दिसतं. ठरावीक दिवशी एका तुकडीचे विषयशिक्षक आणि समुपदेशक एकत्र बसतात, समोर यादी असते, एकेका ओळीत एकेक मूल. हजेरी, वर्तन, गुण असे रकाने, आणि शेवटी ‘कोण भेटणार’ आणि ‘कधी’ असे आणखी दोन. हे शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर आधीचे सगळे व्यर्थ. समजा एका मुलाच्या ओळीत लिहिलंय: हजेरी ८३, गणितात जेमतेम पास, वर्तनाची तक्रार नाही. इतक्यावरून काहीच कळत नाही. मग कुणीतरी खाड्यांच्या तारखा उघडतं, आणि त्यातले बरेचसे सोमवारचे निघतात. सोमवारी पहिला तास गणिताचा असतो की काय? की शनिवार-रविवार तो बापाकडे असतो आणि तिथून शाळा लांब पडते? की सोमवारी आईची सकाळची पाळी असल्याने धाकट्या भावाला सांभाळायला तोच घरी थांबतो? यादी याचं उत्तर देऊ शकत नाही, तिने ते देऊही नये. यादीमुळे समुपदेशकाच्या हातात एक नेमका प्रश्न येतो: ‘तू सोमवारी का येत नाहीस?’ ‘तुझं लक्ष का नाही?’ या प्रश्नापेक्षा हा फार वेगळा आहे. त्यात आरोप नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर देता येतं.

यावर अनुभवी शिक्षकांचा आक्षेप असतो की चांगल्या शिक्षकाला हे आकड्यांशिवायच कळतं. कळतं, यात शंका नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे एकाच शिक्षकाला कळण्याइतकं ते मूल एकाच ठिकाणी नसतं. शिवाय माणसाची स्मृती खाड्यांच्या बाबतीत फार कच्ची असते, अगदी आईबापांचीसुद्धा. टॉड रॉजर्स आणि एव्ही फेलर यांनी फिलाडेल्फियातच २८ हजारांहून अधिक घरांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फार खाडे असलेल्या मुलांच्या पालकांना वाटायचं, आपलं मूल प्रत्यक्षाच्या जेमतेम निम्मेच दिवस चुकलंय. त्यांना मुलाच्या एकूण खाड्यांचा आकडा सांगणारी पत्रं टपालाने घरी गेली आणि सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून थोडं जास्तच घटलं. पत्रात धाक नव्हता, की लांबलचक उपदेश नव्हता. आकडा माहीत नसलेल्या माणसाला तो आदराने कळवला, एवढंच घडलं होतं.

आकड्यांनी सगळं सुटतं असा दावा मात्र पुरावा करू देत नाही. बाल्फान्झ यांच्याच विचारातून उभ्या राहिलेल्या ‘डिप्लोमाज नाऊ’ या कार्यक्रमाची ६२ शाळांमध्ये कसोशीने तपासणी झाली. यात सहावीच्या यादीशिवाय माणसंही होती: ‘सिटी इयर’ या संस्थेची तरुण मुलं-मुली शाळेत पूर्णवेळ थांबत आणि गैरहजर मुलांच्या घरी फोन करत, गंभीर अडचणीतल्या मुलांसाठी वेगळा कार्यकर्ता असे. २०१६ च्या अहवालात एकही धोक्याची खूण नसलेल्या सहावीतल्या मुलांचं प्रमाण वाढल्याचं दिसलं, पण सरासरी हजेरी किंवा पास होण्याचं प्रमाण यांत ठोस फरक पडला नाही. इतक्या खर्चाचं फळ एवढंच का, असं कुणी म्हणेल. सरासरी न हलणं मला फारसं खटकत नाही, कारण हे काम काठावरच्या मुलांसाठीच होतं. त्यांतली काही मुलं काठावरून मागे आली. मागे आणण्याचं काम फोन करणाऱ्या, दारात उभ्या राहणाऱ्या माणसांनी केलं, यादीने फक्त पत्ता दिला.

माणसं वगळून पत्ताच तेवढा ठेवला तर काय होतं, हे विस्कॉन्सिन राज्याने दाखवलं. तिथे २०१२ पासून प्रामुख्याने सहावी ते नववीच्या मुलांसाठी वर्षातून दोनदा एक गुणांक काढला जातो, शून्य ते शंभर. हे मूल वेळेत हायस्कूल पुरं करण्याची शक्यता किती, हे सांगणारा. हजेरी, चाचण्या, शिक्षा यांच्या जोडीला मुलाचा वंश आणि घरची गरिबीही त्या हिशेबात धरलेली होती. २०२३ मध्ये ‘द मार्कअप’ने केलेल्या शोधपत्रकारितेतून कळलं, की हे मूल वेळेत पुरं करणार नाही असं भाकीत जिथे झालं, तिथे ते चारात जवळपास तीन वेळा खोटं ठरलं, आणि असा खोटा इशारा कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेळा दिला गेला. त्याच वर्षीच्या एका शास्त्रीय अभ्यासात दिसलं, की ही यंत्रणा मुलांची क्रमवारी बऱ्यापैकी बरोबर लावत होती, तरी तिच्यामुळे मुलांचं शिक्षण पुरं होण्याचं प्रमाण वाढल्याचा पुरावा नव्हता. फिलाडेल्फियाच्या खुणाही भाकीतच होत्या ना, असं इथे विचारता येईल. होत्या, पण त्यातली प्रत्येक खूण ही मुलाने किंवा शाळेने केलेली, बदलता येण्यासारखी गोष्ट होती. ‘तुझे ३६ खाडे का झाले?’ असं मुलाला विचारता येतं. ‘तुझा गुणांक ६१ का?’ असं कुणाला विचारणार? त्याचं उत्तर मुलाकडे नसतं, शिक्षकाकडेही नसतं, आणि ज्या गोष्टीला उत्तर नाही तिच्यापुढे दमलेला शिक्षक अपेक्षाच कमी करून मोकळा होतो.

वर्तनाच्या रकान्याविषयी वेगळी सावधगिरी हवी. खाडा हा खाडाच असतो, पण ‘उद्धट वागला’ ही नोंद एका मोठ्या माणसाचा निवाडा असते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्याच २०११-१२ च्या आकडेवारीत वर्षभरात शाळेतून निलंबित झालेली कृष्णवर्णीय मुलं १६ टक्के होती, गोरी ५ टक्के. असा रकाना वाचताना मुलाइतकंच शाळेकडेही बघावं लागतं: कोणाच्या तासाला तक्रारी होतात, कोण पुन्हा पुन्हा लिहून पाठवतं? आणि माहिती समुपदेशकाच्या खोलीबाहेर गेली तर ती किती वाईट हातांत पडते, हे फ्लोरिडातल्या पॅस्को काउंटीत दिसलं. तिथल्या शेरीफच्या कार्यालयाने मुलांचे कमी गुण, खाडे आणि घरी झालेल्या छळाच्या नोंदीसुद्धा वापरून पुढे गुन्हेगार होऊ शकतील अशा चारशेहून अधिक मुलांची यादी केली होती, आईबापांना कळू न देता. ‘टॅम्पा बे टाइम्स’ने २०२० मध्ये हे उघड केलं आणि शेरीफच्या या कारभारावरील वृत्तमालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तेच खाडे, तेच गुण. एका टेबलावर ते मुलाला मदत मिळवून देतात, दुसऱ्या टेबलावर संशयित ठरवतात. म्हणून ही यादी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार, हे आधीच ठरलेलं असायला हवं, हे म्हणणं मी पूर्ण मान्य करते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे, पण त्यातून सूट देण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला आहे. ही सूट शाळांच्या कामाला देताना समुपदेशनासाठीची नोंद इतर कुठल्याही खात्याला मिळणार नाही, अशी अट हवीच.

महाराष्ट्रात हा विचार जसाच्या तसा उचलून चालणार नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षात किमान २२० दिवस शाळा भरते, म्हणजे फिलाडेल्फियाच्या ३६ खाड्यांच्या जागी आपल्याकडे ४४ येतील. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचं मूल दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलं की ४४ चा आकडा काही महिन्यांतच मागे पडतो, आणि त्याचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक असतं. तिथे समुपदेशक बोलावून उपयोग नाही. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं आणि शिक्षण हमी कार्ड दाखवल्यावर कारखान्याजवळच्या शाळेने मुलाला खरोखर बसवून घेणं, हाच उपाय. समुपदेशकाची खरी गरज आहे ती त्याच वर्गात मागे राहिलेल्या सातवीतल्या मुलीसाठी, जिचे ४४ खाडे वर्षभर विखुरलेले असतात: कधी पाणी भरायचं असतं, कधी पाळी आलेली असते आणि शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी नसतं, कधी घरी स्थळाची बोलणी चाललेली असतात. तिचं गळणं कुणाला ठाऊक नसतं, आणि ते कळायला महिनावार खाड्यांचा एक कागद पुरतो.

तो कागद आपल्याकडे तयार होत नाही, याला कारण माहितीचा अभाव हे मुळीच नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी २०१५ पासून राज्याचं ‘सरल’ आहे, केंद्र सरकारचं यूडायस आहे, शिक्षक पोर्टलं भरून बेजार झाले आहेत. पण भरलेली माहिती वर जाते, पुण्याला आणि दिल्लीला, आणि वर्गशिक्षिकेला कामी येईल अशा रूपात परत येत नाही. त्यातून हजेरीपटावर दुसरंच ओझं आहे. पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे शिक्षकाची जागा राहणार की जाणार हे ठरतं; रोजच्या हजेरीवर पोषण आहाराचा हिशेब चालतो. ज्या नोंदीवर नोकरी टांगलेली आहे ती नोंद मुलीची काळजी करायला वापरायची असेल, तर आधी शिक्षकाला खरा खाडा लिहिण्याची मुभा द्यावी लागेल. आणि जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेला स्वतंत्र समुपदेशक मिळणं लांबची गोष्ट असली, तरी आसपासच्या शाळांच्या गटाला, म्हणजे केंद्रागणिक, एक नेमणं अशक्य नाही. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. तिच्यात पोर्टलचा आढावा होतो, तसा अर्धा तास या खाड्यांना द्यावा: प्रत्येक शाळेने आपल्या तीन-चार मुलींची नावं बंद पाकिटातून समुपदेशकाकडे द्यावीत, पडद्यावर झळकवू नयेत, आणि पुढच्या परिषदेत शाळेने एवढंच सांगावं की प्रत्येकीला कोण भेटलं आणि ती काय म्हणाली.