इंदापूरची आकारणी, कळंबची घरपट्टी

इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या शेतकऱ्याने सातबारा उतारा काढला, तर त्यावर ‘आकार’ नावाचा एक रकाना दिसतो. रक्कम इतकी लहान असते की तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण हा आकार ठरवण्याची जी पद्धत पुढे मुंबई इलाखाभर चालली, तिची पहिली कसोटी याच तालुक्यात लागली.

पेशवाई संपल्यानंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या जमिनी नव्याने मोजायला घेतल्या. आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, अशी योजना आखली. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात मोजण्या चुकल्या, खालच्या नोकरवर्गाने हात ओले करून प्रती बदलल्या आणि आधीच अवर्षणी असलेल्या इंदापुरात सारा झेपेना. शेतकरी जमिनी सोडून निघून गेले आणि शेते पडीक पडली.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातच काम नव्याने सुरू केले. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. जमिनीची खोली आणि पोत पाहून प्रत लावायची, सोळा आण्यांपासून खाली उतरत जायचे, वाळू, चुनखडी, उतार असे दोष दिसले की प्रत कमी करायची, असा क्रम त्यांनी धरला. बाजारपेठ किती लांब आहे हे पाहून गावांचे गट पाडले. मुख्य म्हणजे दर शेतकऱ्याला पेलेल एवढाच ठेवला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या. १८४७ च्या संयुक्त अहवालात हीच पद्धत नियमांच्या रूपाने मांडली गेली.

तीस वर्षे भरल्यावर फेरआकारणीची पहिली पाळीही इंदापूरचीच आली आणि सारा बराच वाढला. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि चोपड्या जाळल्या. तो राग प्रामुख्याने सावकारांवर होता, पण पुढच्या चौकशीत वाढलेल्या साऱ्याचा विषय टाळता आला नाही. आकारणी ही नुसती आकडेमोड नसते आणि देणाऱ्याचे म्हणणे ऐकल्यावाचून ती टिकत नाही, हे या दोन तालुक्यांनी फार आधी अनुभवले आहे.

आता घरपट्टीकडे वळू. शेतसारा महसूल खात्याचा असतो आणि घरपट्टी ग्रामपंचायतीची. दोन्हींचे कागद वेगळे असतात, तरी गावात त्यांची सर्रास गल्लत होते. तलाठ्याकडचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडचा ‘आठ-अ’ हा शेतजमिनीचा खातेउतारा असतो. ग्रामसेवकाकडचा, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडचा ‘नमुना आठ’ ही घरांची कर आकारणी नोंदवही असते. तलाठ्याची ‘नऊची नोटीस’ फेरफाराची असते. जमिनीच्या हक्कात बदल होतोय, हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा, असे ती कळवते. ग्रामपंचायतीचा ‘नमुना नऊ’ मात्र कर मागणीची नोंदवही असतो. नऊची नोटीस पट्टीची समजून कोनाड्यात ठेवली, तर हरकत घ्यायची मुदत कधी उलटून गेली हेही कळत नाही.

घरपट्टीचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने मिळतो. तपशील १९६० च्या कर व फी नियमांत आहे. पूर्वी घराच्या नुसत्या चौरस फुटांवर कर बसे. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने भांडवली मूल्यावर आधारलेली पद्धत आली. तिचे गणित अवघड वाटते, पण पाचवी शिकलेल्या माणसालाही ते पडताळता येते. क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याने गुणायचे. दोन्हींची बेरीज करून वापराच्या भारांकाने गुणले की भांडवली मूल्य मिळते. त्यावर दर हजारी काही पैसे कर लागतो.

समजा, घर ५० चौरस मीटरचे आहे, जमिनीचा दर ५०० रुपये, बांधकामाचा १५,००० रुपये आणि घर थोडे जुने म्हणून घसाऱ्याचा गुणक ०.९०. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, खरे दर त्या त्या वर्षीच्या शासकीय तक्त्यात मिळतात.) जमिनीचे २५,००० आणि बांधकामाचे ६,७५,००० मिळून सात लाख होतात. राहत्या घराचा भारांक एक, म्हणून मूल्य सात लाखच राहते. दर हजारी एक रुपया वीस पैसे धरले, तर वर्षाची पट्टी ८४० रुपये येते. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी यांचे आकार त्याच बिलात पण वेगळ्या ओळीत असतात.

चूक बहुधा गुणाकारात नसते, नोंदीत असते. पत्र्याच्या पडवीची नोंद स्लॅबची होते, बंद पडलेले दुकान अजूनही व्यापारी वापरात दिसते, भावाभावांत वाटणी होऊनही क्षेत्रफळ आजोबांच्याच वेळचे राहते. वीस वर्षांचे घर नवे धरले तर घसाराच मिळत नाही. म्हणून बिलावरची एकूण रक्कम पाहून चिडण्याआधी नमुना आठचा उतारा मागावा आणि घराची लांबी-रुंदी स्वतः फीत लावून मोजावी.

कळंबच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नीरा डाव्या कालव्याने या पट्ट्यात बागायत आणली आणि १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती शेजारीच वालचंदनगर वसले. अशा ठिकाणी शेतघर, चाळ, गाळा आणि कारखान्याची इमारत जवळजवळ उभी असतात आणि वापरानुसार त्यांचा भारांक बदलतो. कारखान्यांसाठी तर कायद्यात कलम १२५ स्वतंत्र आहे. निरनिराळ्या करांऐवजी एक ठोक रक्कम घेण्याचा करार ग्रामपंचायत कारखान्याशी करू शकते. असा करार कुठे झाला असेल, तर ती रक्कम किती आणि कोणत्या वर्षी ठरली हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

बिल हाती आल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर कलम १२९ प्रमाणे मागणीलेख बजावता येतो. त्यानंतर तीस दिवसांतही ती न भरल्यास जंगम मालमत्तेची जप्ती होऊ शकते. आकारणी मान्य नसेल तर अपील पंचायत समितीकडे करायचे असते. ग्रामपंचायत सदस्यांसाठी कायदा अधिक कडक आहे. रीतसर बिल मिळूनही तीन महिन्यांत कर भरला नाही, तर कलम १४ प्रमाणे सदस्यपद जाते. निवडणूक आली की थकबाकी भरायला जी रांग लागते, तिचे मूळ या कलमात आहे.

नमुना आठवर नाव आहे म्हणून घर आपले, हा समज मात्र सोडायला हवा. ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांच्या मालकीसाठी ड्रोन मोजणी सुरू झाली, तिचा प्रयोग याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला होता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ती पुढे देशभर नेली. त्यातून मिळणारी सनद आणि मालमत्ता पत्रक हे खरे महत्त्वाचे कागद आहेत.

आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. कर कायम होण्याआधी तिची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि हरकतीची मुदत त्यावरच लिहिलेली असते. यादी लागेल त्या आठवड्यात जाऊन आपली ओळ वाचा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर या चार नोंदी तपासा. काही चुकले असेल तर हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.